थकबाकीदाराची सांत्वनभेट

आमच्या मेहुण्याला दुसऱ्याच्या घरची साफसफाई करायला फार आवडतं. जेवण झाल्यावर 'भाऊजी, मशीन स्लो झालंय तुमचं' म्हणत तो बसला आणि माझी बडीशेप संपायच्या आत त्याने सगळा 'कचरा' काढून टाकला. तोही शिफ्ट दाबून डिलीट, म्हणजे रीसायकल बिनलाही वळसा. कचरा म्हणजे आमच्या सोसायटीचे हिशेब. मी तिथला खजिनदार, बिनपगारी. बॅकअपचा फोल्डर होता, पण 'त्यात सगळं डबल होतं' म्हणून आधी तोच उडवला. बायको म्हणाली, "त्याने चांगल्यासाठीच केलं." या वाक्यावर आमच्याकडे अपील चालत नाही.

बातमी जिन्याने वर गेली आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. उपविधींप्रमाणे थकलेल्या मेंटेनन्सवर व्याज लावता येतं. ते मी लावल्यापासून काका लिफ्टमध्येसुद्धा माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. आज मात्र त्यांनी आपणहून पंखा वाढवला आणि खुर्ची मॉनिटरपाशी ओढली.

"गेलं का हो सगळं?"

"बघतोय."

"पण पूर्णच गेलं ना?"

तेवढ्यात कॉम्प्युटरवाल्या मुलाचा फोन आला. तो स्पीकरवर घेतला, हे मात्र मला नडलं. मुलगा म्हणाला, "आधी मशीन बंद करा. काही कॉपी नको, डाउनलोड नको. डिलीट केलं की फक्त ती जागा रिकामी असल्याची नोंद होते. मजकूर तिथेच असतो, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत." म्हणजे खालच्या पाटीवरचं नाव पुसलंय, भाडेकरू अजून खोलीतच आहे. "जुनी हार्डडिस्क आहे म्हणून आशा आहे. एसएसडी, म्हणजे नवी चिपवाली डिस्क असती, तर ट्रिमने, म्हणजे रिकामी जागा आपोआप पुसणाऱ्या सोयीने, एव्हाना साफ केलं असतं." माझ्या मशीनच्या म्हातारपणाचं कौतुक प्रथमच झालं.

फोन ठेवला. काका विचारात पडले.

"म्हणजे नवीन टाकलं की जुनं जातं?"

"हो."

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"आमच्या अष्टविनायकाचे व्हिडिओ. केव्हाचे तुम्हाला द्यायचे होते. टाकून घ्या."

"आत्ता नको."

"32 जीबी आहे, काठोकाठ भरलाय."

"काका, नको म्हटलं ना!"

"देवाला नाही म्हणू नये. बरं, आठही नकोत. नुसता रांजणगावचा महागणपती घ्या."

मी मशीन बंद केलं. "निदान विंडोज अपडेट तरी करून घ्यायचं," असं पुटपुटत ते चहाची वाट बघत बसले. चहा मिळाला. व्याज लावलं तरी चहा द्यावाच लागतो.

संध्याकाळी तो मुलगा आला आणि त्याने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम चालवला. हा नोंदी बघत नाही, डिस्कवरच्या मजकुराच्या खुणांवरून फाइल ओळखतो. त्यामुळे फायली मिळतात, नावं मिळत नाहीत. एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा, अशा हजारो. एकेक उघडून बघणं माझ्याकडे आलं.

दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. निम्मे लोक बरोबर बटाटेवड्याच्या वेळी उगवतात आणि "खजिनदार तुम्हीच राहा, तुम्हाला कॉम्प्युटर येतो" म्हणून उठतात. यातला एकही फायली उघडायला येत नाही. कुणी टाकीची पावती ठेवत नाही, कुणी वॉचमनला पगार देत नाही. हिशेबात चार रुपयांचा फरक निघाला की मात्र सगळ्यांची गणितं पक्की होतात. खरं सांगायचं तर आता याचं हसू येत नाही.

थकबाकीच्या तक्त्याच्या प्रती सापडल्या. ताजी होती ती एक्सेलने 'फाइल खराब आहे' म्हणून नाकारली. उघडली ती कधीची तरी जुनी. त्यात काकांच्या नावापुढे शून्य होतं.

"हीच खरी!" काका जवळजवळ मांडीवरच आले. "हिलाच अधिकृत धरा."

आता बँकेचं स्टेटमेंट आणि पावती-पुस्तकांची स्थळप्रत समोर घेऊन सगळं पुन्हा भरतोय. मेहुण्याने फोनवर विचारलं, "स्पीड वाढला ना, भाऊजी?" आणि काल काकांनी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिलाय: सोसायटीचं दप्तर सुस्थितीत न ठेवल्याबद्दल खजिनदारांकडून खुलासा मागवावा, आणि तो मिळेपर्यंत व्याजआकारणीस स्थगिती द्यावी. सेक्रेटरींनी अर्ज सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलाय. ती टाइप करून द्यायचं कामही माझ्याकडेच आहे.