प्रतिक्रियेला उत्तर: मारण्याचे शब्द आणि इंग्रजांचा स्वभाव

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही जरा लांबणार. जुन्या इंग्रजीतल्या मारण्याच्या शब्दांवरच्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप दोन. ज्या भाषेत मारायला एवढे शब्द, ते लोक मुळातच क्रूर, आणि मी ते सरळ न लिहिता गमतीत उडवलं, हा पहिला. वेगवेगळ्या कुळांतले शब्द मी एकाच दावणीला बांधले, हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी बघू. कुळं वेगळी आहेत म्हणून तर लेख लिहिला. 'स्माइट' घ्या. इंग्रजी बायबलात देव शत्रूंना तडाखे देतो ते या शब्दाने. पण हजार वर्षांपूर्वी 'स्मीतन' म्हणजे माखणं, लिंपणं, विटाळणं. तडाखा मागाहून आला. 'स्ट्राइक'चंही तेच. 'स्ट्रीकन' म्हणजे हात फिरवणं, घासणं. कुरवाळण्याचा 'स्ट्रोक' त्याच घरातला. आता यावरून इंग्रज आधी मायाळू होते आणि पुढे बिघडले, असं कुणी म्हणेल का? मग शब्द मोजून त्यांना क्रूर तरी कसं ठरवायचं?

उलट्या वाटेने गेलेलेही आहेत. 'स्विंग' म्हटलं की आज झोका आठवतो, पण जुना 'स्विंगन' म्हणजे चाबकाने फोडून काढणं. त्याच कुळातला 'स्विंगल' हे जवसाच्या काड्यांतून धागा काढायचं लाकडी पातं. कुजवून वाळवलेल्या काड्यांची जुडी उभ्या फळीच्या काठावर धरायची आणि वरून खाली पात्याचे फटके ओढत राहायचं. ठिसूळ भाग झडून जातो, लांब धागा मुठीत राहतो. जोर फार लावला तर धागाच तुटतो. हे काम करणाऱ्याला क्रूर म्हणायचं असेल तर आपल्या पिंजाऱ्यालाही सोडू नका.

मळणीच्या 'थ्रेश'मध्ये मात्र एक गुण तुमच्या खात्यावर लिहितो. त्याचा सर्वांत जुना अर्थ पायांनी तुडवणं. बैल खळ्यात फिरतात तसं. पुढे दोन दांडकी चामड्याने जोडलेलं झोडायचं अवजार आलं, 'फ्लेल'. हे नाव लॅटिन 'फ्लॅजेलम'वरून आलंय, आणि फ्लॅजेलम म्हणजे चाबूक. म्हणजे इथे माणसाच्या पाठीवरची वस्तू खळ्यावर आली. जुन्या इंग्रजीत 'थर्शन' धान्यालाही चाले, माणसालाही. नंतर वाटण्या झाल्या: धान्याच्या वाट्याला थ्रेश, पोराच्या वाट्याला थ्रॅश.

'आपल्याकडे असलं काही नाही,' हे तुमचं वाक्य वाचून मात्र हसू आलं. भात झोडतात, जमीन चोपतात, कपडे धोपटतात, मसाला कुटतात, ढोल बडवतात. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांना ही सगळी क्रियापदं येत होती आणि समोर ना भात असायचं ना ढोल.

क्रौर्यच दाखवायचं होतं तर तुम्ही 'बीटिंग द बाउंड्स' पकडायला हवं होतं, त्यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. गावोगाव नकाशे नव्हते तेव्हाची ही इंग्लंडातली प्रथा. उन्हाळ्याच्या तोंडावर, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास पाद्री आणि गावकरी पोरांना घेऊन पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या ताब्यातल्या मुलखाच्या, शिवेवरून चालत, आणि विलोच्या छड्यांनी हद्दीच्या खुणा बडवत. काही ठिकाणी पोरांनाच त्या दगडावर आपटत किंवा तिथेच फटके देत. हिशेब असा, की पुढे म्हातारपणी हद्दीचा तंटा उभा राहिला तर यांना नेमका दगड आठवावा. पोराच्या अंगावर सातबारा उतरवायचा हा प्रकार मला तरी कुठल्याही क्रियापदापेक्षा भयंकर वाटतो. ऑक्सफर्डच्या सेंट मायकेल ॲट द नॉर्थ गेट चर्चचे लोक आजही ही फेरी काढतात. हद्दीच्या खुणा आता दुकानांच्या आतही आल्यात, त्यामुळे मिरवणूक छड्या घेऊन दुकानात शिरते. मार फक्त दगडांना.

यातला एखादा शब्द इंग्रजांनी पूर्वेकडून उचलला का, असं तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंय. उचललाय, बहुधा. 'ड्रब', म्हणजे झोडपणं, सतराव्या शतकात इंग्रजीत दिसू लागतो, आणि सुरुवातीला तो पूर्वेकडचे मुलूख फिरून आलेल्या प्रवाशांच्या लिखाणात, तळपायांवर छड्या मारायच्या शिक्षेच्या संदर्भात येतो. म्हणून त्याचं मूळ अरबी 'दरब', म्हणजे मारणं, यात असावं असं मानतात. तोच अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन 'जरब' झाला. इंग्रजीत फटका राहिला, मराठीत नुसता धाक. आपली जरब छडी न उचलताही बसते. 'ड्रब' मूळ लेखात घेतला नव्हता, आता तुमच्या प्रश्नासकट तिथे जोडतो आहे.