खेळ संपायच्या आधीच मत का मांडायचं?

नमस्कार,

'सध्या काय खेळतेय' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. लांबलचक आणि मनापासून लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका वेळी चार-पाच व्हिडिओ गेम चालू, त्यांतला एकही पूर्ण नाही, तरी प्रत्येकावर मत द्यायचं हे बरोबर नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून गेम बनवला त्यांच्यावर तो अन्याय आहे. आणि शेवटचा आक्षेप, सिल्कसाँग या गेमवर पानभर लिहायचं पण आउटर वाइल्ड्स या दुसऱ्या गेमची चार ओळींत बोळवण करायची, आणि त्या चार ओळींतून काही कळतही नाही. तुम्ही स्वतः सिल्कसाँग शेवटपर्यंत खेळला आहात, हेही लिहिलंत. त्याकडे शेवटी येते, कारण मला तुम्हाला काही विचारायचं आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात मोठा आहे. अर्ध्यावर असताना मत द्यावं का? माझं उत्तर 'हो' आहे. तडजोड म्हणून नाही. अर्ध्यावर असताना खेळणाऱ्याला जे दिसतं ते गेम संपल्यावर दिसेनासं होतं, आणि ते कुणीतरी वेळेत लिहून ठेवायला हवं.

सिल्कसाँगचंच बघा. तो ज्याचा पुढचा भाग आहे त्या हॉलो नाइटमध्ये खाली वार केला की तो सरळ खाली जायचा, शत्रूवर आपटून आपण वर उसळायचो. ती उसळी हाताला इतकी बसलेली असते की तिचा वेगळा विचार करावा लागत नाही. सिल्कसाँगमध्ये सुरुवातीला हॉर्नेटचा, म्हणजे आपण खेळवतो त्या नायिकेचा, तोच वार तिरका जातो. म्हणजे ज्या जागी तुम्ही सहज उतरला असता, तिथे तुम्ही शत्रूच्या पलीकडे जाऊन पडता, बहुतेक वेळा काट्यांवर. पहिल्या गेममध्ये कमावलेली सवय दुसऱ्यात आपल्यालाच नडते. पुढे लढण्याची पद्धत बदलणारे वेगवेगळे क्रेस्ट मिळतात, त्यांतल्या वॉन्डरर क्रेस्टने तो वार पुन्हा सरळ होतो. पण बरेच जण तोवर तिरक्या वाराला सरावलेले असतात आणि तोच ठेवतात. गेम संपवलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, 'हॉर्नेटची हालचाल अप्रतिम आहे.' खरंच आहे. पण नवीन खेळणाऱ्याला पहिल्या काही तासांत जी चिडचिड होणार आहे, तिचा त्या वाक्यात मागमूस नाही. संपवणाऱ्याने ती लपवलेली नसते. हात शिकले की ते कसे शिकले याची आठवण राहत नाही, एवढंच.

जखमा भरण्याचंही तसंच. हॉर्नेटकडे सुरुवातीला पाच मुखवटे (किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या खुणा) असतात आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन घेतात. तीन फटके बसले की संपलं. पहिल्या गेममध्ये एका जागी थांबून एकेक मुखवटा भरून काढता यायचा. इथे रेशीम साठवावं लागतं आणि ते खर्ची घातलं की तीन मुखवटे एकदम परत येतात. कागदावर हा सौदा फायद्याचा आहे. खेळताना मात्र सुरुवातीला तो महाग वाटतो, कारण ऐन गरजेच्या वेळी रेशीम पुरेसं नसतं. मग कधीतरी लक्षात येतं की हवेत असतानाही जखमा भरता येतात. त्या क्षणापासून लढाईचा सगळा नकाशा बदलतो. 'महाग वाटणं' आणि 'नकाशा बदलणं' या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेवटानंतर लिहिलेल्या परीक्षणात दुसरीच उरते.

या गेमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. ४ सप्टेंबर २०२५ रोजी गेम आला तेव्हा तो बनवणाऱ्या टीम चेरीने समीक्षकांना आगाऊ प्रती दिल्या नव्हत्या. समीक्षक आणि बाकीचे खेळाडू एकाच वेळी त्या दारातून आत गेले. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत जगात कुठेही पूर्ण खेळून लिहिलेलं मत जवळपास नव्हतंच. जे होतं ते सगळं वाटेवरचं: कोण कुठे अडकलं, कुणाला कोणता रस्ता सापडला, कुठला बॉस, म्हणजे मोठा अवघड शत्रू, अन्यायकारक वाटला. आणि थोड्याच दिवसांत पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आला. मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस किंचित सोपे केले गेले, मध्यावरच्या काही बेंचचे, म्हणजे विसावा घेऊन हरल्यावर पुन्हा सुरुवात करायच्या जागांचे, दर उतरले. आता सांगा, पॅचच्या आधी ज्याने मूरविंगशी झुंज दिली त्याचा गेम आणि आज सुरू करणाऱ्याचा गेम एकच आहे का? त्या पहिल्या दिवसांतल्या तक्रारी तेव्हा लिहिल्या गेल्या म्हणून तरी सुरुवात नेमकी किती कठीण होती ते आज समजतं. सगळ्यांनी शेवट होईपर्यंत तोंड मिटून ठेवलं असतं, तर ती नोंद राहिलीच नसती.

'पूर्ण' हा शब्द तुम्ही फार ठाम वापरता. माझी अडचण अशी की अनेक गेममध्ये 'पूर्ण' कुठे होतं तेच ठरवता येत नाही. हेडीसमध्ये पाताळातून पहिल्यांदा निसटलात की वाटतं जिंकलो. पण मुख्य कथेच्या टोकाला जायला दहा वेळा निसटावं लागतं, आणि त्यानंतरही देवदेवतांची बोलणी, नाती, रुसवेफुगवे चालूच राहतात. ब्लू प्रिन्समध्ये ध्येय स्पष्ट सांगितलेलं आहे: ४६वी खोली शोधा. ती सापडते, श्रेयनामावली येते, आणि तिथून पुढे जे उलगडायचं बाकी असतं ते आधीच्यापेक्षा कमी नसतं. स्टार्ड्यू व्हॅलीला तर मुळात संपायची घाईच नाही. मग या गेमबद्दल बोलायची परवानगी कधी मिळणार?

ब्लू प्रिन्सवर थोडं जास्त लिहायचा मोह होतोय, कारण माझा मुद्दा तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. दररोज पन्नास पावलं हाताशी घेऊन वाड्यात शिरायचं, प्रत्येक दारापाशी तीन खोल्यांतून एक निवडायची, आणि दिवस संपला की वाडा कोरा. सुरुवातीला वाटतं, हा सगळा नशिबाचा मामला आहे. हवी ती खोली येत नाही, रस्ता भिंतीला जाऊन थांबतो, पावलं संपतात. राग येतो. पण खोल्या पुसल्या गेल्या तरी तुम्ही टिपून ठेवलेलं पुसलं जात नाही. भिंतीवरची चित्रं, टेबलावरची पत्रं, एखादी किरकोळ वाटणारी वस्तू, यांचं काहीतरी नातं आहे अशी शंका यायला लागते, आणि वही भरायला लागते. मग नशिबाची पकड सैल होत जाते. मी लेखात लिहिलं होतं की मला सध्या नशिबाचा वाटा जास्त वाटतो. तुम्ही त्यावर 'पुढे खेळून बघा' म्हणालात. बघते आहेच. पण जो माणूस आज हा गेम सुरू करणार आहे त्याला सुरुवातीला तो रागच भेटणार आहे, आणि तो राग इतरांनाही आला होता हे कळलं तर तो टिकून राहील.

आता तुमच्या आक्षेपातला जो भाग मला पटतो तो. कथेबद्दलचा निकाल अर्ध्यावर देता येत नाही. निअर: ऑटोमाटा हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. पहिल्यांदा श्रेयनामावली आली की अनेकांना वाटतं गेम संपला. प्रत्यक्षात तीच घटनामाला दुसऱ्या पात्राच्या, ९एसच्या, बाजूने पुन्हा उघडते, आणि तिसऱ्या भागात कथा अशा जागी जाते की पहिल्या भागाचा अर्थच पालटतो. ही गैरसमजूत होणार हे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं, म्हणूनच पहिल्या शेवटानंतर 'खेळत राहा' असं सांगणारा निरोप त्यांनी गेममध्येच ठेवला. अशा गेमवर पहिल्या शेवटाशी थांबून 'कथा साधारण आहे' म्हणणं चुकीचंच. माझ्या लेखात एक्सपेडिशन ३३ या गेमच्या कथेबद्दल एक शब्द नाही, तो याच कारणाने. मी फक्त लढाईबद्दल लिहिलं: पाळीपाळीच्या लढाईत शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवणं, वार चुकवण्यापेक्षा अडवण्याची वेळ कशी अरुंद असते, शत्रू मुद्दाम हात उगारून कसे रेंगाळतात आणि आपण घाई करून कसे फसतो, आणि सगळे वार अडवले की उलट प्रहाराचा जो आनंद मिळतो त्यापुढे आधीची सगळी हार का विसरायला होते. हे सांगायला शेवट माहीत असावा लागत नाही.

बनवणाऱ्यांवर अन्याय होतो, हे मला तितकंसं पटत नाही. हेडीस डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० अपूर्ण अवस्थेत लोकांच्या हातात होता. बाल्डर्स गेट ३ चा फक्त पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासून खेळायला मिळत होता, पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. या दोन्ही वेळी अर्ध्यावरची मतं बनवणाऱ्यांनीच मागवली आणि वापरली. पूर्ण म्हणून विकलेल्या गेमची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण तिथेही घेणाऱ्याचा विचार करा. स्टीम या ऑनलाइन दुकानात घेतलेला गेम परत करायचा तर नियम साधारण असा आहे की घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करावा. म्हणजे घेणाऱ्याचा निर्णय पहिल्या दोन तासांवरच ठरतो. त्याला शेवटच्या बॉसबद्दलचं मत काय कामाचं? त्याला सुरुवातीच्या तासांबद्दल नेमकं बोलणारं कुणीतरी हवं. अट एकच, आणि ती मी कटाक्षाने पाळते: आपण कुठवर पोचलो आहोत ते आधी सांगायचं. स्टीमवरच्या प्रत्येक मतापाशी लिहिताना किती तास खेळून झाले होते ते दिसतं, ती सोय मला फार मोलाची वाटते. तासभर खेळलेल्याचं कौतुक आणि शंभर तास खेळलेल्याचा वैताग, दोन्ही वाचावेत, पण कोणतं कुणाचं ते कळायला हवं.

एका वेळी अनेक गेम का, याचं उत्तर छोटं आहे. सिल्कसाँग हात थकवतो, ओब्रा डिन डोकं थकवतो, आणि दोन्ही थकवे वेगळे आहेत. लुकस पोपने बनवलेल्या या ओब्रा डिनमधल्या जहाजावर साठ माणसांचं काय झालं ते ओळखायचं असतं, आणि तिघांची उत्तरं बरोबर आल्याशिवाय गेम एकाचीही खात्री देत नाही. असल्या गेममधून उठून दोन दिवस दुसरं काही खेळलं तर परत आल्यावर एखादा चेहरा अचानक ओळखू येतो. सलग बसून ते होत नाही, निदान माझ्या बाबतीत तरी.

राहिला आउटर वाइल्ड्स. तिथे मी चारच ओळी लिहिल्या, आणि पुन्हा लिहायची वेळ आली तरी चारच लिहीन. त्या गेममध्ये बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला येता. कमावलेलं शस्त्र नाही, वाढलेली ताकद नाही, उघडलेली कुलपं नाहीत. सोबत येतं ते फक्त तुम्हाला काय कळलं, आणि त्याची यानातल्या नोंदवहीतली नोंद. शेवटापर्यंत जायचा रस्ता पहिल्या फेरीतही मोकळाच असतो, तुम्हाला तो माहीत नसतो इतकंच. अशा ठिकाणी मी एखादी गोष्ट सांगितली तर ती माहिती राहत नाही, तुमच्या वाट्याचा गेमच मी खेळून टाकलेला असतो. सिल्कसाँगमध्ये तसं नाही. मूरविंग कसा झेपावतो ते मी शब्दाशब्दाने सांगितलं तरी तुमच्या बोटांना ते शिकावंच लागेल. म्हणून एकावर पानभर, दुसऱ्यावर चार ओळी. स्पॉयलरचा, म्हणजे गुपित आधी न फोडण्याचा, एकच नियम सगळ्या गेमना लावणं मला अजिबात मान्य नाही.

आता माझा प्रश्न. सिल्कसाँगमध्ये मी अजून लास्ट जज या बॉसच्या अलीकडे आहे. ब्लास्टेड स्टेप्स या भागातल्या बेंचपासून त्याच्यापर्यंत दरवेळी वाऱ्यातून उड्या मारत जायचं, आणि हरलं की पुन्हा तेच, याबद्दल माझं आजचं मत स्पष्ट आहे: ती वाट लढाईला काही देत नाही, फक्त लढाईचा जोर काढून घेते. बॉस मला आवडलाय. त्याचे वार, त्याची चाल, हरल्यावरही तो ज्या तऱ्हेने स्फोट घडवून शेवटचा घाव घालतो असं ऐकलंय, ते सगळं. पण ती वाट नको. तुम्ही तिथून पुढे जाऊन गेम संपवला आहे. त्या वाटेबद्दल तेव्हा काय वाटलं होतं ते आठवतं का, आणि आता काय वाटतं? दोन्ही लिहा. दोन्ही वेगळी असतील तर ती मला शेजारी शेजारी छापायची आहेत.