हात साफ आहे, पण डोकं?

गावाकडे लग्नाला जायला गाडी ठरवताना ड्रायव्हरची चौकशी एकाच वाक्यात उरकते. "हात साफ आहे त्याचा, बिनधास्त जा." मला तर या साफ हातवाल्यांचीच जास्त धास्ती वाटते.

आमचा एक मावसभाऊ. गाडी अशी चालवतो की मांडीवरचा चहा हिंदकळणार नाही. शिरवळच्या पुढे एकाने कट मारला. भाऊ बोलता बोलता एकदम गप्प, खाडकन गिअर खाली. मागून मावशी म्हणाली, "अरे जाऊ दे, त्याला घाई असेल." तर म्हणे, "घाई नाही, माज आहे!" खंबाटकी चढायच्या आत त्याला गाठला, मान वळवून खुन्नस दिली आणि पुढच्या टपरीवर आम्ही निवांत चहा प्यायलो. म्हणजे पोचायची घाई आम्हालाही नव्हतीच.

१९४९ साली टिलमन आणि हॉब्ज या संशोधकांनी कॅनडातल्या टॅक्सीवाल्यांचा अभ्यास केला. वारंवार अपघात करणाऱ्यांची नावं कोर्टाच्या आणि थकलेल्या उधारीच्या नोंदींतही जास्त सापडली. माणूस जसा जगतो तशीच गाडी हाकतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे मानसशास्त्रज्ञ झुकरमन यांनी थरार शोधणारा स्वभाव मोजायची पट्टी तयार केली. त्या पट्टीवर वर असणारे वेगात आणि पिऊन गाडी चालवण्यातही पुढे, असं पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं. तापट माणसांचंही तेच. आणि वर प्रत्येकाला आपण भारी चालवतो असं वाटतं. १९८१ च्या एका पाहणीत ९३ टक्के अमेरिकन विद्यार्थ्यांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं होतं. आपल्याकडे विचारलं तर शंभर टक्के येतील!

सगळं स्वभावावर ढकलता येत नाही, हेही खरं. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रल करतात, तिथे गणित पैशाचं असतं. पण "स्वभावाला औषध नाही" हे मात्र मला पटत नाही. हाच मावसभाऊ एक्स्प्रेसवेवर कॅमेरा दिसला की शहाण्या बाळासारखा वेग कमी करतो. म्हणजे आवरता येतं त्याला. चलनाची भीती आहे, मावशीची नाही, एवढंच.

लायसन्स देताना आपण आठ काढायला लावतो. तेव्हा मागून कोणी सलग हॉर्न वाजवत नाही, कोणी कट मारत नाही. त्या परीक्षेत आमचा भाऊ पहिल्या फटक्यात पास झाला होता.