पॅरिस सावरलं, म्हणून सगळेच सावरतील?

दहशतवाद आणि पर्यटन यांवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा की पर्यटनाच्या प्रत्येक घसरणीचं खापर मी दहशतवादावर फोडलं. तुम्ही म्हणता, २०१५च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर पॅरिस दोन वर्षांत सावरलं, लोक लवकर विसरतात, आणि जिथे पर्यटक परतत नाहीत तिथे सोयीसुविधांतच खोट असणार.

आधी माझी चूक कबूल करतो. तुर्कस्तानात २०१६मध्ये परदेशी पर्यटक साडेतीन कोटींहून अधिक होते ते अडीच कोटींवर आले, पण ती सगळी घट बॉम्बस्फोटांची नव्हती. नोव्हेंबर २०१५मध्ये तुर्कस्ताननं रशियाचं लढाऊ विमान पाडलं आणि चिडलेल्या रशियानं पर्यटकांना तिथे नेणारी चार्टर (खास भाड्यानं घेतलेली) विमानंच थांबवली. हे लेखात यायला हवं होतं.

पण पॅरिसवरून काढलेला निष्कर्ष काही पटत नाही. पॅरिसला माणसं कामासाठी जातात, परिषदांना जातात, स्वतः तिकीट काढून जातात. ट्युनिशियातल्या सूसच्या किनाऱ्यावर येणारे बरेचसे युरोपीय पर्यटक विमान आणि हॉटेल एकत्र असलेलं पॅकेज घेऊन यायचे. २६ जून २०१५ला तिथे दहशतवादी हल्ल्यात ३८ पर्यटक मारले गेले, त्यांतले ३० ब्रिटिश. दोन आठवड्यांच्या आत ब्रिटिश सरकारनं ‘अत्यावश्यक कामाशिवाय जाऊ नका’ असं जाहीर केलं. असा इशारा निघाला की नेहमीचा प्रवास विमा सहसा लागू होत नाही आणि टूर कंपन्या पॅकेज विकणं थांबवतात. मग पर्यटक घटना विसरला काय नि न विसरला काय, जाणार कसा? तो इशारा सैल झाला जुलै २०१७मध्ये.

इजिप्तमधल्या शर्म अल शेख या समुद्रकिनारी पर्यटनस्थळाचं दुखणं याहून लांबलं. ऑक्टोबर २०१५मध्ये तिथून निघालेलं रशियन विमान बॉम्बस्फोटानं सिनाई द्वीपकल्पावर कोसळलं, २२४ माणसं गेली. त्यानंतर तिथली ब्रिटिश विमानसेवा जवळपास चार वर्षं बंद होती, रशियाची त्याहूनही जास्त. एवढ्या काळात तिथला समुद्र काही खराब झाला नव्हता.

श्रीलंका मात्र तुमच्या बाजूनं साक्ष देईल. एप्रिल २०१९मधल्या ईस्टरच्या स्फोटांनंतर मे महिन्यात पर्यटक आदल्या मेच्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी घटले, आणि डिसेंबरपर्यंत ही तूट पाच टक्क्यांच्या आसपास आली. अनेक देशांनी इशारे लवकर सैल केले, हे त्यामागचं मोठं कारण. तरीही ‘सावरलं’ म्हणताना मी जरा अडखळतो. डिसेंबरचा आकडा सुधारला म्हणून मे-जूनमध्ये रिकाम्या राहिलेल्या खोल्यांचं भाडं परत मिळत नाही. मोठं हॉटेल तोटा पचवू शकतं. कर्ज काढून गाडी घेतलेल्या चालकाचा, रोजंदारीवरच्या गाइडचा हप्ता कोणी थांबवत नाही, आणि त्यांच्यातला जो धंदा सोडून गेला तो पर्यटकांच्या आकड्यांत दिसतही नाही.

तुर्कस्तानचा परिच्छेद मूळ लेखात दुरुस्त केला आहे. बाकीचा लेख तसाच ठेवतो.