‘जुना वाचक’ यांस: शब्द देही झाला, मग पुढे काय?

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘जुना वाचक’ एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते. नाताळवरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत. उत्तराला तीन आठवडे लागले, त्याचं कारण पुढे येईलच.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘अवतार म्हणजे वेषांतर, ख्रिस्त मात्र खराखुरा माणूस’ हे माझं वाक्य तुम्हाला उथळ आणि उद्धट वाटलं. दुसरं, ख्रिस्त जर देवच होता तर त्याची भूक, त्याचं रडणं, वधस्तंभ हे सगळं नाटकच की, असं तुम्ही विचारलंत. आणि शेवटी, हे सगळं खरं धरलं तरी सोमवारी सकाळी त्याचा उपयोग काय? जाता जाता शुद्धलेखनाची एक चूकही दाखवलीत.

पहिलं मान्य. बिनशर्त. कृष्ण गोकुळात रांगला, उखळाला बांधला गेला, शेवटी व्याधाचा बाण पायात घुसून गेला. सीतेसाठी राम रानोमाळ रडत हिंडला. याला वेषांतर म्हणणं म्हणजे शेजारच्या घरात न डोकावता तिथल्या स्वयंपाकाला नावं ठेवणं. ते वाक्य मी काढून टाकलंय.

तरीही दोन्ही गोष्टी एकच, असं मला म्हणता येत नाही. गीतेत ‘संभवामि युगे युगे’ असं वचन आहे. धर्माला ग्लानी आली की देव पुन्हा येणार, आणि दुष्टांचं निर्दालन करणार. आमच्याकडे मात्र ‘एकदाच’ या शब्दावर सगळा भार आहे. तो एकदा आला, आणि घेतलेलं शरीर त्याने परत टाकून दिलं नाही. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, थोमा नावाच्या शिष्याला हातांवरचे व्रण दाखवतो. मला सगळ्यात आश्चर्य वाटतं ते या व्रणांचं. मरणातून उठलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा कशाला राहाव्यात? पण राहिल्या. मी दोहोंतलं श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवत नाहीये, माझ्या श्रद्धेचा आकार कसा आहे तेवढं सांगतेय.

आता नाटकाचं. ही शंका तुमची एकट्याची नाही, ती ख्रिस्ती मंडळींइतकीच जुनी आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकात अशी माणसं होती जी म्हणत, ख्रिस्ताने दुःख भोगल्यासारखं फक्त ‘दिसलं’, देवाला कसली वेदना! त्यांना अंत्युखिया शहराचा बिशप इग्नाती याने पत्रांतून उत्तर दिलं, तेही बेड्या घातलेल्या अवस्थेत. त्याला रोमला श्वापदांपुढे टाकायला नेत होते. त्याचं म्हणणं साधं होतं: ख्रिस्ताचं दुःख जर दिखाऊ असेल, तर मी या बेड्यांत कशाला आहे? मला हे उत्तर कुठल्याही परिषदेच्या ठरावापेक्षा जास्त पटतं. ठराव पुढे झालाच. आजच्या इस्तंबूलच्या आशियाई काठावर खाल्कीदोन इथे 451 साली बिशप जमले आणि त्यांनी लिहिलं: पूर्ण देव, पूर्ण माणूस, दोन्हींची मिसळ नाही, बदल नाही, तुकडे नाहीत, ताटातूट नाही. नीट पाहिलंत तर चारही शब्द नकाराचे आहेत. हे ‘कसं’ घडलं ते त्यांनी सांगितलंच नाही, नुसतं कुंपण घातलं. माझ्याकडूनही त्यापलीकडच्या खुलाशाची अपेक्षा ठेवू नका.

योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द देही झाला’ (इथे शब्द म्हणजे ख्रिस्त) याच्या पुढे ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ असं आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापद तंबूवरून आलंय. आमच्यात पाल ठोकलं, असं म्हणा ना. मी नगरची. साखर कारखान्याच्या आसपास ऊसतोडीला आलेल्यांच्या कोप्या लहानपणापासून बघितल्यात. वाऱ्याने हलणाऱ्या, रात्री आत चूल पेटली की बाहेरून उजेड दिसणाऱ्या. ‘वस्ती’ म्हटलं की मला तरी बंगला डोळ्यांपुढे येत नाही. आणि त्या पालातली पहिली तीस वर्षं? जवळजवळ कोरी. जन्माच्या वेळच्या कथा आणि बारा वर्षांचा असतानाचा मंदिरातला एक प्रसंग सोडला तर लिहिण्यासारखं कुणाला काही सापडलं नाही. नासरेथात एक सुतार कामाला जात होता, इतकंच. चमत्कार नाहीत, प्रवचनं नाहीत.

त्या तीस वर्षांत बहुतेक सगळे सोमवार आले, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळते.

ऑक्टोबरात आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. सकाळी सहाला मी परातीत कोमट पाणी घेते, दोन पंचे, एक ओला करायला, एक कोरडा. तिला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, माकडहाडाजवळ लाल झालंय का ते बोट दाबून बघायचं, पावडर लावायची, डायपर बदलायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर शय्याव्रण होतात. नाताळच्या आठवड्यात नेमका एक झाला. रात्रीच्या वेळी मी झोपून गेले होते. उत्तराला उशीर झाला तो यापायी.

पहिले काही दिवस मला किळस यायची, हे लिहायची लाज वाटते पण लिहिते. आईचं अंग असं कधी पाहिलं नव्हतं. तीही डोळे मिटून घ्यायची. या कामाला ‘अध्यात्म’ म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. प्रार्थना ती नंतर, अंघोळ करून, देवाचं पुस्तक हातात घेऊन. मग एका सकाळी पंचा पिळताना लूकच्या शुभवर्तमानातली बाळंती आठवली. ख्रिस्ताच्या आईने, मरीयेने, त्याला बाळंत्याने गुंडाळलं. म्हणजे ती बाळंती ओली होत असणार, बदलावी लागत असणार. ज्याच्यावर माझा विश्वास आहे त्याचंही कुणीतरी हे केलंय. नाझियांझचा धर्मगुरू ग्रेगरी चौथ्या शतकात म्हणाला होता की ख्रिस्ताने आपलं जे धारण केलं नाही ते बरं झालेलं नाही. तो बोलत होता मानवी मनाबद्दल, मी ते परातीपाशी आणलं. तिथे ते लागू पडलं.

किळस गेली का? पूर्ण नाही. वासाचं काही करता येत नाही. पण ही पाठ म्हणजे प्रार्थनेच्या आधी उरकायचं काम, असं आता वाटत नाही.

तुम्ही विठोबाचा उल्लेख केलात, ‘आमचा देव तर अठ्ठावीस युगं उभा आहे’. तेव्हापासून माझ्या डोक्यात पुंडलिक आहे. दारात देव आला तेव्हा तो आईबापांचे पाय चेपत होता, उठला नाही, वीट फेकली. मी त्या परंपरेतली नाही, पण सकाळी सहाला ती वीट मला अगदी कळते.

शुद्धलेखन: तुमचंच बरोबर. मूळ शब्द ‘गव्हाण’, आणि ‘गव्हाणीत’ हे त्याचं सप्तमीचं रूप. आमच्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या ‘गव्हाणीत ठेवले’ ऐकून ऐकून सगळ्यांनी ‘गव्हाणी’ असाच शब्द करून टाकलाय. लेखात दुरुस्ती केली. आईला सांगितलं, तर तिने डाव्या हाताने ‘जाऊ दे’ अशी खूण केली आणि तोंडातल्या तोंडात ‘गव्हाणी’च म्हणाली.