वाजवून घेतलेलं लाकूड

गेल्या सहा महिन्यांत मी घरातलं एकही लाकूड न वाजवता सोडलेलं नाही. बोटाचं मधलं पेर वाकवायचं, टकटक करायची, कान जवळ न्यायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. कपाटाची दारं झाली, पलंगाची पाटी झाली, टेबल झालं. एकदा बेडरूमचं दार वाजवत होतो तर आतून बायको म्हणाली, "ये की, उघडंच आहे." मी म्हटलं, "आत नाही यायचंय गं, दार ऐकतोय." त्यानंतर आत बराच वेळ काही हालचाल नव्हती.

हा सगळा उपद्व्याप इलेक्ट्रिक गिटार घरी करायची म्हणून. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, मी तयार आणली होती. तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवण्याची अक्कल आपल्यात नाही, एवढी अक्कल मला होती. राहिली बॉडी, म्हणजे धड. 45 मिलिमीटर जाडीची फळी घ्यायची, तिला कंबर काढायची, तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपसाठी खड्डे कोरायचे आणि चार स्क्रूंनी नेक आवळायची. दोन रविवारांचं काम. त्या भरात मी चार जाणकारांना एक निरुपद्रवी प्रश्न विचारून बसलो: लाकूड कुठलं घेऊ?

तेव्हा कळलं की लाकडाला स्वभाव असतो. महोगनी उबदार. मेपल चमकदार. अ‍ॅश मोकळी, आल्डर समतोल, बासवुड मवाळ पण मधल्या सुरांत बोलकं. नेकवरची बोटं टेकवायची फळी, म्हणजे फ्रेटबोर्ड, शिसवीचा असेल तर गोडवा, एबनीचा असेल तर धार. यातल्या एकाही शब्दाचा आवाजाशी काय संबंध हे मला कळेना, पण विचारायची लाज वाटली म्हणून मी माना डोलावल्या. एकाने एका लाकडाचं वर्णन 'वुडी' असं केलं. लाकडाचा आवाज लाकडासारखा येतो हे सांगायलाही जाणकारच लागतो.

मग मी माझ्या एका इंजिनीअर मित्राकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, पिकअपला कान नसतात." मग त्याने मला जुनं पिकअप उघडून दाखवलं. मध्ये चुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र ढवळलं जातं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने 1831 साली दाखवून दिलं तेच हे. "नायलॉनची तार लाव," मित्र म्हणाला, "बॉडी चंदनाची असली तरी आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पमधून हूं की चूं येणार नाही." इथे मला एक मोठा उलगडा झाला. साध्या, विनाविजेच्या गिटारमध्ये वरची दोन-तीन मिलिमीटरची फळीच हवा हलवते, म्हणजे तिथे लाकूड स्वतः गातं. इलेक्ट्रिकमध्ये ते फक्त तारा धरून उभं असतं.

त्या रात्री मी हलका होऊन झोपलो. सकाळी लाकूडपंथातल्या एकाने मला पुन्हा धरलं. "तार बांधलेली कशाला असते? लाकडालाच ना? मग लाकडाने तारेची ताकद खाल्ली तर तार लवकर विझणार की नाही?" हेही खोटं नाही. नेक एखाद्या स्वराला स्वतःच थरथरू लागली की तिथला स्वर पटकन मरतो. त्याला 'डेड स्पॉट' म्हणतात, आणि माझ्या नेकवर तो 'जी' (G) स्वराच्या तारेवर, नेमका मला येणाऱ्या एकुलत्या एका धुनेच्या वाटेत आहे.

असा मी दोन्ही पंथांत आलटून पालटून भरती होत राहिलो. इतिहासात शिरलो तर गोंधळ आणखी वाढला. 1930च्या दशकात बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन' गिटार अ‍ॅल्युमिनियमची ओतीव होती. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या वाशावर तारा ताणल्या. ते ओंडक्यासारखं ध्यान लोकांना गिटार वाटावं म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी खऱ्या गिटारचे अर्धे अर्धे तुकडे चिकटवले. डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या गिटारची पाठपोट हार्डबोर्डची. 1969 मध्ये तर आरपार दिसणारी अ‍ॅक्रिलिकची गिटार निघाली. फेंडर कंपनीने 1956च्या सुमारास आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारसाठी अ‍ॅशऐवजी आल्डर धरलं, आणि रेषा दिसाव्यात अशा फिकट पारदर्शक रंगाच्या गिटारींसाठी अ‍ॅश राखून ठेवली. म्हणजे लाकूड कुठलं हे निदान तिथे तरी रंगावरून ठरत होतं. आम्ही मात्र त्यात उबदारपणा शोधतोय.

पण मला खरा दणका दिला तो 'क्वीन' बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने. त्याने पोरवयात वडिलांबरोबर घरीच गिटार केली. नेकसाठी घेतली जुन्या शेकोटीच्या चौकटीची महोगनी. तिला कीड लागून भोकं पडलेली होती. ती त्याने काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली आणि पुढे तीच गिटार घेऊन जगभर वाजवली. आणि इथे मी चार महिने बिनगाठीची, बिनकिडीची, सरळ रेषांची फळी हुडकत फिरतोय! किडीने खाल्लेलं लाकूड मला दोनदा फुकट मिळत होतं. मी नाक मुरडलं होतं.

शेवटी वखारीत गेलो. मालकांनी विचारलं, "दाराला पाहिजे की खिडकीला?"

"वाजवायला."

ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा वर केला. मी एक जाड फळी उभी केली आणि टकटक करून कान लावला. "आत काही नाही हो," ते म्हणाले, "भरीव आहे."

आता टकटक करायचीही शास्त्रशुद्ध पद्धत असते. फळी टोकापासून साधारण पाव अंतरावर धरून अधांतरी लोंबू द्यायची आणि मध्यावर टिचकी मारायची. तसं केलं तर हात फळीचा सूर दाबत नाही. हे मी हातभर लांबीच्या पातळ पट्टीवर शिकलो होतो. समोर होती सागाची पाच फूट फळी. मी ती मोठ्या आत्मविश्वासाने दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उचलली, टिचकी मारायला एक हात सोडला आणि फळी माझ्या डाव्या पायावर आली. त्या दिवशी वखारीत निघालेला सगळ्यात मोकळा, चमकदार आणि बराच वेळ टिकलेला स्वर माझा होता.

पाणी देऊन झाल्यावर मालकांनी फळी उचलली, टोकाकडून चिरा पाहिल्या, कडेवर नजर लावून पीळ पाहिला. मग म्हणाले, "साहेब, लाकूड वाळलंय की नाही ते आधी बघा, गाणं मागून. ओलं असलं की महिन्याभरात पीळ घेतं. मग तुमचं ते जे काय आहे ते वाजणार कसं?" सहा महिन्यांत मला कोणीही इतकं सरळ सांगितलं नव्हतं. बॉडीला पीळ पडला तर नेकचा खोबणीतला बसाव बिघडतो, तारा एकीकडे फ्रेटला घासतात आणि दुसरीकडे आभाळात जातात. मग उबदारपणा घेऊन करायचंय काय? ती फळी वर्षानुवर्षं तिथेच पडून मुरली होती. माझ्या पायाशी तिची ओळखही झाली होती. मी तीच घेतली.

सागाबद्दल मला कोणी सावध केलं नव्हतं. सागात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार बघता बघता पळते. सागात तेलही असतं, म्हणून दोन तुकडे जोडण्याआधी कडा थिनरने पुसून लगेच गोंद लावावा लागतो. पहिल्यांदा मी पुसल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी हातात पुन्हा दोन वेगवेगळे तुकडे आले. दोन रविवारांचे अकरा झाले. भुसा कुठे कुठे गेला ते सांगत नाही. पुस्तक उघडलं तरी निघतो. सगळ्या फळीत मिळून एकच गाठ होती, आणि बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू जिथे बसायचे तिथेच ती निघाली.

आल्डर घनमीटरला साडेचारशे किलोच्या आसपास भरतं आणि साग साडेसहाशेच्या. हा आकडा मी वाचला होता, पण त्याचा अर्थ कळला तो पट्टा गळ्यात अडकवल्यावर. गिटार पाच किलोची झाली. पहिली पंधरा मिनिटं मी उभा राहून वाजवली आणि मग उजव्या कानाकडे झुकून सरळ व्हायचा प्रयत्न करत राहिलो. लाकडाने फरक पडतो की नाही हा वाद माझ्या डाव्या खांद्यापुरता कायमचा मिटला आहे.

आवाजाचं म्हणाल तर पहिल्यांदा अ‍ॅम्पला जोडली तेव्हा तारांपेक्षा गुंऽऽऽच जास्त ऐकू आलं. मी डोळे मिटून त्यात साग शोधत होतो. ब्रिजला अर्थची वायर जोडायची राहिली होती. ती जोडल्यावर गुंऽऽऽ ओसरलं, तारा नीट ऐकू येऊ लागल्या, पण खर्जात सगळा चिखल. लाकूड चुकलं, मी मनाशी म्हटलं, महोगनीच घ्यायला हवी होती. तेवढ्यात आठवीतली कन्या स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. "बाबा, हा स्क्रू कशाचा?" आणि उत्तराची वाट न बघता तिने तो फिरवला. पिकअप दोन मिलिमीटर खाली गेलं. चिखल गेला, तारा सुट्या सुट्या वाजू लागल्या, आवाज मोकळा, समतोल, मधल्या सुरांत बोलका वगैरे सगळं झाला. सहा महिने मी जे लाकडात हुडकत होतो ते तिने चार आट्यांत काढलं आणि "ठीके?" म्हणून निघून गेली. मी हळूच 'टोन' असं लिहिलेली खुंटीही फिरवून बघितली. तिच्यामागे कपॅसिटर नावाचा नखाएवढा विजेचा पुर्जा असतो, आणि तो लाकडापेक्षा फार जास्त बोलतो.

मात्र परवा रात्री एक गंमत झाली. सगळे झोपले होते म्हणून अ‍ॅम्प न लावताच वाजवायला बसलो. बॉडीवर हनुवटी टेकवली तर हाडांतून आवाज आला. जाडसर, थोडासा कोरडा, आणि शप्पथ सांगतो, उबदार! ना पिकअप, ना कपॅसिटर. निखळ साग. हा सूर माझ्या हनुवटीपलीकडे कोणालाही ऐकू जात नाही, पण आहे. मी तासभर तसाच वाजवत बसलो.

सकाळी बायको म्हणाली, "ही गिटार छान झालीय हं तुझी."

मी फुगलो. "कशी वाटली? सांग ना."

"रात्री वाजवत होतास ना? आवाजच येत नाही हिचा."