बी चावून बघ

आज दुपारी पणजीत आम्ही मित्र जेवायला बसलो होतो. वेटरने नाशिकची शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन पुढे केली, तर आमच्यातल्याच एकाने लेबल बघून हात झटकला. "इंडियन? राहू दे, इम्पोर्टेड आण." घोट घेणं सोडा, वाससुद्धा घेतला नाही. मी गप्प बसलो, आणि त्याचाच आता जास्त राग येतोय.

माझा मामा नाशिकजवळच्या दिंडोरीचा, वाइनची द्राक्षं पिकवतो. २००८च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा तिथे तोडणीला गेलो. पहाटे चारला, स्वेटर घालून, कारण ऊन चढायच्या आत क्रेट भरायचे असतात. मामाने एक मणी तोंडात टाकला, बी दाढेखाली फोडली आणि थुंकून म्हणाला, "हिरवी लागतेय. अजून चार दिवस." साखर मोजायचं यंत्र 'झालं' म्हणत होतं. तरी त्याने मजुरांना हजेरी देऊन परत पाठवलं. बी भाजल्या शेंगदाण्यासारखी लागेपर्यंत तो कात्री लावत नाही.

अशा माणसाच्या मालाला न चाखता 'राहू दे'?

हो, काही बाटल्या खरंच वाईट निघतात. पण आपल्याकडे दुकानात त्या उन्हात तापत उभ्या असतात, त्याचं काय?

फेणीला कोणी 'कंट्री लिकर' म्हटलं की आपलं गोवेकरांचं पित्त खवळतं. २००९ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा किती मिरवलं! आणि पर्यटकांच्या गळ्यात 'गोव्याची पोर्ट' म्हणून जी वाइन मारतो, तिची द्राक्षं काय गोव्यात, साखळी गावात पिकतात? आपल्या पावसात वेल कुजेल. ती घाटावरूनच येतात, आणि पिकवणाऱ्याचं नाव बाटलीवर कुठेच नसतं.

मामाकडे मी गेलो त्याच वर्षी, २००८लाच, पुढे मंदी आली. करार असूनही वाइनच्या कारखान्याने मामाचा पुढचा माल उचलला नाही. नाशिककडे कितीतरी जणांनी वाइनच्या बागा उपटल्या. मामाने पाचातले तीन एकर उपटून थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावली. दोन एकर ठेवले. का ठेवले, ते मी कधी विचारलं नाही. बी चावताना त्याचा चेहरा मी बघितलाय.

मघाशी त्याला फोन केला. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालीय, पण काल रात्री पाऊस पडला, म्हणून वेलीवर डावणी हा बुरशीचा रोग येऊ नये यासाठी दिवसभर फवारणीवर होता. आवाज बसलाय. "फेब्रुवारीत येतोस ना?" म्हणाला. येतो म्हटलं. पणजीतलं काही सांगितलं नाही.